बुलबुलाचं घरटं दर वेळी रिकामं का होतं? आमच्या परसातल्या चार फसलेल्या घरट्यांची चौकशी

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. मागच्या दारी मोरी, तिला लागून कढीपत्ता, पलीकडे जास्वंद, लिंबू आणि कुंपणाच्या भिंतीवर पसरलेली मधुमालती. होळीच्या आगेमागे लालबुड्या बुलबुलाची जोडी इथं हजर होते. चार-पाच दिवसांत वाटी विणून होते, ठिपक्याठिपक्यांची दोन-तीन अंडी दिसायला लागतात, घरात सगळे दबक्या आवाजात बोलू लागतात. आणि एके दिवशी बघावं तर वाटी रिकामी. अंडं नाही, पिल्लू नाही, साधं पीसही नाही. नर-मादी दिवसभर तारेवर बसून आरडाओरडा करतात, दुसऱ्या दिवशी तेही गप्प.

तीन वर्षांत अशी चार घरटी गेली. पाचवं टिकलं. मधल्या काळात काय काय तपासलं आणि कुठं चुकलो ते लिहून ठेवतेय, कारण ज्यांच्या ज्यांच्या परसात बुलबुल आहे ते सगळे हाच प्रश्न विचारतात आणि उत्तरादाखल स्वतःच मांजराचं नाव घेतात. आमच्याकडे चारपैकी एकाही घरट्याला मांजराने हात लावला नव्हता, हे मी आता बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते.

आधी बघा, घरटं खरंच फसलंय का

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. लोकांना घरट्याचा हिशेब माहीत नसतो, त्यामुळे सगळं सुरळीत झालेलं असतं तरी घात झाला असं वाटतं.

हिशेब सोपा आहे. वाटी बांधायला साधारण चार-पाच दिवस. मग रोज एक याप्रमाणे दोन किंवा तीन अंडी. फिकट गुलाबीसर पांढऱ्यावर तांबूस-जांभळट ठिपके, जाड टोकाकडे ते दाट. उबवायला १२ ते १४ दिवस. पिल्लं निघाल्यावर ती घरट्यात राहतात १० ते १२ दिवस, जास्त नाही. म्हणजे पहिल्या अंड्यापासून उड्डाणापर्यंत सगळा कारभार महिन्याच्या आत आटोपतो. पहिलं अंडं दिसलं की तारीख लिहून ठेवा. आमच्याकडे कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी पेन्सिलीने ‘बु. १’ असं लिहिलेलं असतं. ही एक तारीख हाताशी असली की पुढची अर्धी घालमेल वाचते.

पहिल्या अंड्यावर कुणी बसत नाही म्हणून घाबरू नका, बैठक बहुधा अंडी पुरी होत आल्यावर लागते. अर्धवट विणलेली वाटी सोडून जोडी दुसऱ्या झाडावर गेली तर तेही नेहमीचंच. अंगणात लांब कुठंतरी अंड्याचं अर्धं टरफल सापडलं, तर ते बहुतेक पिल्लू बाहेर आल्याची खूण आहे. टरफल घरट्यात ठेवायचं नाही, हे पक्ष्यांना आपल्याहून जास्त कळतं. आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या दिवशी घरटं रिकामं दिसलं तर पेढे वाटा. अशी वाटी नीट बघितली तर तिची कड दबून सपाट झालेली असते, विणकाम सैल पडलेलं असतं आणि तळाशी पांढरट कोंडा दिसतो. पिसं फुटताना त्यांच्या भोवतीच्या नळ्या सुटतात, त्याचा तो चुरा. पंधराव्या दिवशी गेलेल्या घरट्यात हा कोंडा नसतो, कड गोल आणि घट्ट असते. दुसरी खूण आवाजाची. उडालेली पिल्लं आसपासच्याच झाडीत असतात आणि आई-बाप चोचीत किडा धरून तिकडं ये-जा करताना दिसतात.

हे सगळं जुळत नसेल, तर पुढं वाचा.

रिकामी वाटी काय सांगते

गेलेलं घरटं लगेच काढून टाकू नका. आधी वेळ आठवा. शेवटचं कधी पाहिलं होतं, तेव्हा आत काय होतं? दिवसाउजेडी गेलं असेल तर संशय पक्ष्यांवर, म्हणजे कावळा, भारद्वाज, झाडी जास्त असेल तर टकाचोर. धामणही दिवसाच फिरते. संध्याकाळी होतं आणि सकाळी नव्हतं, तर दुसरा एखादा साप, उंदीर-घूस किंवा मांजर. म्हणून मी बघायच्या वेळा दोनच ठेवते, सकाळी चहाच्या वेळी आणि दिवेलागणीच्या आधी. या दोन नोंदींनी चोर निम्मा सापडतो.

वाटी जशीच्या तशी आणि आत काहीच नाही, टरफलाचा कणही नाही, तर कावळ्याने अंडं उचलून नेलं असेल किंवा धामणीने गिळलं असेल. वाटी एका बाजूला कललेली, फांदी वाकलेली, खाली काटक्यांचा सडा, हे मांजराचं काम असू शकतं. भारद्वाजही काही नाजूक हाताचा नाही, तो झुडपात घुसतो तेव्हा रेडा घुसल्यासारखी फांदी हलते. घरट्यातच टरफलाचे कुरतडलेले तुकडे असतील तर खार किंवा उंदीर. अंडी जागेवर, पण दिवसभरात कुणी फिरकलंच नाही, तर जोडीने घरटं सोडलंय, आणि त्याचं कारण पुष्कळदा आपण असतो. त्याबद्दल पुढं लिहितेच.

मात्र या खुणा पंचनाम्याइतक्या पक्क्या धरू नका. अंडी एकाने न्यावीत आणि रिकामी वाटी नंतर खारीने विस्कटावी, असंही होतं. पुढच्या घरट्याच्या वेळी काय डोळ्यांत तेल घालून बघायचं, एवढंच त्यातून ठरवायचं.

खरा उलगडा व्हायला आम्हाला कॅमेरा लागला. तोही विकत आणलेला नाही, मुलाचा काच तडकलेला जुना मोबाइल. मोरीच्या खिडकीच्या गजाला तो चिंधीने बांधला, चार्जर आतून लावला, आणि दर काही सेकंदांनी एक फोटो असं लावून दिलं. घरट्यापासून अंतर सात-आठ फूट. अंडी पूर्ण होऊन मादी नीट बसायला लागल्यावरच हे केलं. बांधकाम चालू असताना किंवा पहिल्या अंड्याच्या दिवशी असली काही नवी वस्तू समोर आली तर बुलबुल बिनदिक्कत जागा सोडतो. पिल्लं निघाल्यावर तोच पक्षी कितीतरी जास्त सोसतो.

चार घरट्यांचा जमाखर्च

पहिलं मधुमालतीत होतं. वेलीच्या पोटात, बाहेरून अजिबात न दिसणारं. मला फोटो हवा होता म्हणून मी समोरच्या दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फोटो सुरेख आला. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी. मला खिडकीतून दिसायला लागलं म्हणजे सगळ्या आळीला दिसायला लागलं, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरं कढीपत्त्यावर, जेमतेम पाच फुटांवर. तीन अंडी, नवव्या दिवशी दुपारी गेली, वाटी शाबूत. आम्ही मांजराला शिव्या दिल्या.

तिसऱ्याची गोष्ट लिहायला अजून जड जातं. जास्वंदीतल्या त्या घरट्यात दोन पिल्लं चांगली भरली होती, पिसं आली होती, नववा-दहावा दिवस असेल. पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला म्हणून मी फांदी खाली ओढली. दोन्ही पिल्लांनी एकदम बाहेर उड्या मारल्या. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लं अशीच असतात, जरा धोका वाटला की उडता येवो न येवो, बाहेर. उचलून परत ठेवलं तरी पुन्हा उडी. एक लिंबाच्या बुंध्याशी काट्यांत शिरलं आणि तिथं आईने त्याला भरवलेलं मी पाहिलं. दुसरं संध्याकाळपर्यंत दिसेनासं झालं. हे घरटं ना कावळ्याने नेलं ना मांजराने. ते माझ्याच खाती लिहायचं.

चौथं पुन्हा जास्वंदीत, या वेळी मोबाइल लावलेला. इथं कळलं.

आमच्या सासूबाई रोज स्वयंपाक झाला की मागच्या भिंतीवर काकघास ठेवतात. भाताची मूद, वर वरण, तुपाचा थेंब. वेळ साडेअकरा, घड्याळ लावून घ्यावं इतकी नेमकी. सव्वाअकरापासून दोन-तीन कावळे वाट बघत बसलेले असतात. भिंतीपासून जास्वंद सहा फूट.

फोटो एकामागून एक सरकवत बघितले. पहिल्या दिवशी कावळा भात खाऊन भिंतीवरच चोच पुसत बसलाय. मागच्या बाजूने बुलबुल चोचीत अळी घेऊन येतो, कावळा दिसताच आत न जाता तारेवर थांबतो. कावळ्याची मान तिकडं वळलेली. दुसऱ्या दिवशी कावळा भिंतीच्या जास्वंदीकडच्या टोकाला सरकून बसलाय. तिसऱ्या दिवशी ११ वाजून ३८ मिनिटांच्या फोटोत भात तसाच, आणि जास्वंदीत काळी शेपटी. पुढच्या तीन फोटोंत दोन्ही बुलबुल पंख पसरून त्याच्या अंगावर धावतायत. त्यापुढच्या फोटोत फांदी रिकामी.

कढीपत्त्यावरचं घरटं त्याच भिंतीपासून चार पावलांवर होतं आणि तेही दुपारीच गेलं होतं.

काकघासाचं काय केलं

आईंना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे बघितले, तिसऱ्या दिवसाचा दोनदा.

“मग काय, घास बंद करू म्हणतेस?”

“नाही आई. जागा बदलू या का?”

“बदल की. कावळ्याला काय, भिंत कुठलीही चालते. पण उपाशी ठेवायचं नाही हं त्याला.”

एवढ्यावर मिटलं. मी महिनाभर शब्दांची जुळवाजुळव करत होते!

घास पुढच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर गेला. पहिले तीन-चार दिवस कावळे मागेच येऊन ओरडले, मग शिकले. हा बदल घरटं बांधायच्या आधी करायला हवा, माघातच केला तर उत्तम. घरटं झाल्यावर केला तर चार दिवस भुकेले कावळे नेमके घरट्यापाशी घुटमळत बसतात. आणि फक्त काकघास नव्हे, मागच्या दारी जे जे अन्न उघडं पडतं ते सगळं धरायचं. खरकटं, पाखरांसाठी टाकलेले पोळीचे तुकडे, वाळवणाच्या वेळी सांडलेल्या कुरडया. पक्ष्यांवरच्या प्रेमाने घरट्याजवळच दाणापाणी मांडणारे खूप जण आहेत. त्याने खार येते, साळुंकी येते, कावळा येतो, आणि त्यांना उष्ट्यासोबत अंड्याचाही पत्ता मिळतो. पाण्याचं भांडं जरूर ठेवा, पण तेही घरट्यापासून वीस-पंचवीस फुटांवर.

कावळ्याबद्दल माझ्या मनात आता राग नाही. त्याचीही पिल्लं त्याच दिवसांत असतात. (इथं एक गैरसमज. बुलबुलाच्या घरट्यात कोकिळा अंडी घालते का, असं मला किती जणांनी विचारलं असेल! कोकिळा आपली अंडी मुख्यतः कावळ्याच्या घरट्यात घालते. कावळ्यालाही त्याचे त्रास आहेत.)

शिवाय एक गोष्ट मनाशी पक्की धरा. उघड्या वाटीसारखं घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पुष्कळशी घरटी आपण काही न करताही जातात. म्हणूनच बुलबुल एका हंगामात दोन-तीनदा मांडणी मांडतो. आपल्याला शून्यावर आणायचंय ते फक्त आपल्यामुळे होणारं नुकसान.

बाकीची कारणं

मांजर असेलच तर बुंध्याकडं बघा. मांजर बहुधा बुंध्यावरूनच वर येतं. गुळगुळीत पत्र्याचा दीड-दोन फूट रुंद पट्टा बुंध्याभोवती गुंडाळला की नखं रुतत नाहीत. जास्वंदीसारख्या अनेक खोडांच्या झुडपाला हे जमत नाही. तिथं बुडाशी लिंबाच्या किंवा बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या पसरायच्या. शेजारच्या काकूंची मनी त्यावरून चालत नाही, मी पाहिलंय. पिल्लं उडायच्या आठवड्यात काकूंना सांगून तिला दुपारी घरात ठेवायला लावलं, आणि काकूंनी ते कौतुकाने केलं.

कुंडीतल्या किंवा टांगत्या कुंडीतल्या घरट्याला मुंग्यांचा धोका मोठा असतो. पिल्लू अंड्यातून निघतानाच्या ओलाव्यावर त्या येतात. उपाय स्वयंपाकघरातलाच. गुळाचा डबा जसा पाण्याच्या ताटलीत ठेवतो, तशी कुंडी परातीत दोन विटांवर ठेवायची आणि परातीत पाणी भरायचं. मात्र कुंडीचं पान भिंतीला टेकत असेल तर मुंग्यांना तोच पूल होतो, तेवढं पान खुडा. मुंग्यांची पावडर, खडू, फवारा यांतलं काहीही वापरायचं नाही. फवाऱ्याचं तेच. जास्वंदीवर पांढरा मावा आला की आपला हात औषधाकडे जातो, पण बुलबुलाची पिल्लं पहिले काही दिवस जवळजवळ किड्यांवरच वाढतात आणि तो किडा तुमच्याच झाडावरचा असतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा धुऊन काढायचा, तोही घरटं असलेल्या झाडावर नाहीच.

एप्रिलमधलं पश्चिमेचं ऊन आणि मे महिन्यातला वळीव ही दोन संकटं वरून येतात. मादी पंख अर्धवट पसरून पिल्लांवर नुसती उभी असेल, चोच उघडी, तर समजा घरट्यावर थेट ऊन पडतंय. त्या वेळी घरट्याच्या दोन-अडीच फूट वर हिरव्या जाळीचा एक तुकडा चारी कोपऱ्यांनी बांधायचा, मादी उडून गेलेली असताना, पाच मिनिटांत. घरटं हलवायचं नाही. चार फुटांवर सावलीत नेऊन ठेवलं तर बरं, असं वाटतं खरं, पण आई-बाप जागा लक्षात ठेवतात आणि तिथं घरटं नसलं की गोंधळतात.

मांजा हे कारण मला ठाऊकच नव्हतं. बुलबुल विणताना काय वाटेल ते वापरतो. पाचवं घरटं मी दिवाळीनंतर, पूर्ण सुकल्यावर उतरवलं आणि वर्तमानपत्रावर उलगडलं. तळाशी जास्वंदीची वाळकी पानं, मग काटक्या आणि बारीक मुळं, आतल्या अंगाला नारळाच्या शेंडीचे तंतू अगदी गोल फिरवून लावलेले. बाहेरून कोळ्याचं जाळं, वळून वळून गुंडाळलेलं, त्यानेच सगळं एकमेकांना धरून ठेवलेलं. त्यात दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा, आईंच्या वातींचा कापूस, आणि वीतभर नायलॉनचा मांजा. हा तुटत नाही, कुजत नाही. पिल्लाच्या पायाला अडकला तर ते उडायच्या दिवशी लटकून राहतं. आता संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांवरचे आणि तारांवरचे हाताला येतील ते दोरे आम्ही काढून टाकतो आणि बारीक कापून कचऱ्यात टाकतो. अख्खा गुंडा टाकला तर तो दुसऱ्या कुठल्यातरी घरट्यात जातो.

छाटणीचं एका वाक्यात. मृगाआधी फांद्या तोडायला माणसं येतात, त्या आधीच दिवाळीनंतर स्वतः छाटून घ्या, म्हणजे ऐन हंगामात कुणी कोयता घेऊन दारात उभं राहणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येत शिकार या शब्दाखाली पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि अंड्या-घरट्यांना त्रास देणं हेही येतं. हे नम्रपणे सांगितलं की बहुतेक माणसं महिनाभर थांबतात.

आणि बुलबुल दिवसभर स्कूटरच्या आरशावर चोच मारत असेल तर त्याला वेड लागलेलं नाही. आरशातला बुलबुल त्याला हद्दीत घुसलेला परका नर वाटतो. आरशावर जुना मोजा चढवा.

बघायचं कसं

इतकं सगळं करून घरट्याकडे बघायचंच नाही, असं मी म्हणणार नाही. मला तरी ते जमणार नाही. पण रीत बदलली. जवळ जायचं ते दिवसातून जास्तीत जास्त एकदा, मादी स्वतःहून उडून गेलेली असताना, आणि कावळा दृष्टीच्या टप्प्यात नसताना. कावळा बसलेला असेल तर मी सरळ धुणं वाळत घालायला लागते. घरट्यापाशी थांबायचं नाही, रोजच्या कामाच्या ओघात चालत जायचं आणि चालतच पुढं निघून जायचं. फोटो हवा तर सेल्फीच्या काठीला मोबाइल लावून वरून एक, फ्लॅश बंद. दहा सेकंदांच्या वर नाही. पिल्लांना आठ दिवस झाले की तेही बंद, बघायचं ते खिडकीतून.

घरातल्या खिडकीला पातळ पडदा लावून मागच्या अंधारात बसलं तर पक्ष्याला आपण दिसत नाही. तिथून मी जे पाहिलं ते फांदी ओढून कधीच दिसलं नसतं. पिल्लू अळी गिळतं, लगेच मागे वळून ढुंगण वर करतं आणि पांढरी, चकचकीत, बंद पुडीसारखी शी बाहेर येते. आई ती चोचीत धरून लांब नेऊन टाकते, कधीकधी गिळूनही टाकते. घरट्याखाली घाण नाही, वास नाही, म्हणजे पत्ता नाही. आईंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी लंगोट धुवून हाताची सालं निघाली, आणि ही बघ!”

पिल्लू खाली सापडलं तर

दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत झाली की घोटाळा. अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, पण टुणटुण उड्या मारतंय, हे पिल्लू पडलेलं नसतं, घर सोडून निघालेलं असतं. त्याला उचलून खोक्यात घालणं म्हणजे पळवून नेणं. कुत्रं-मांजर येण्यासारखी जागा असेल तर जवळच्या झुडपात, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा आणि लांब व्हा. तासाभरात आई-बाप आवाजावर येतात.

उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र खरंच पडलेलं असतं. ते उचलून वाटीत परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खोटी आहे. वाटीच तुटली असेल तर नारळाच्या करवंटीला तळाशी दोन-तीन भोकं पाडून, आत शेंडीचे तंतू आणि जुन्या वाटीचे तुकडे घालून त्याच फांदीवर, त्याच जागी बांधा. त्याच्या चोचीत पाणी टाकू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, पाव, भात यांतलं काहीही नको. जखमी असेल तर छोट्या खोक्यात कापडावर, अंधारात, उबेत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाचवं घरटं गेल्या वर्षी लिंबावर झालं. घास पुढच्या भिंतीवर गेल्यानंतरचं पहिलंच. तीन अंडी, एक उबलं नाही, दोन पिल्लं सव्विसाव्या दिवशी सकाळी उडाली. कालनिर्णयावर आईंनी स्वतःच्या हाताने ‘गेली’ असं लिहिलं, आणि त्याच्यापुढं वेळही.

या वर्षी जोडी पुन्हा आलीय. परवा सकाळी मी फाटक उघडत होते, तेवढ्यात डोक्यावरून बुलबुल चोचीत नारळाचा तंतू घेऊन गेला आणि पुढच्या बोगनवेलीत शिरला. फाटकाशेजारी, काकघासाच्या नव्या जागेपासून पाच फुटांवर.

आत येऊन आईंना सांगितलं. त्या भाताची मूद पाडत होत्या. हात तसाच वाटीवर ठेवून म्हणाल्या, “मग आता गच्चीवर जायचं म्हण की. गुडघ्यांचं औषध आणून ठेव.”

सध्या घास मी वर नेते. कावळ्यांचा अजून पत्ता नाही.